नातवंडं परदेशातून पुण्यात येतायत? त्यांच्या पोटाची तयारी अशी करा

अमेरिकेतल्या शाळांना जूनमध्ये सुट्टी लागते आणि नेमका तेव्हाच आपल्याकडे पाऊस सुरू होतो. नळाला गढूळ पाणी येतं, माश्या वाढतात, घराघरात कुणाचं ना कुणाचं पोट बिघडलेलं असतं. अशा दिवसांत कोथरूड, औंध, सिंहगड रस्ता, पिंपळे सौदागर इथल्या घरांमध्ये परदेशात जन्मलेली नातवंडं पहिल्यांदा येऊन उतरतात. आजी-आजोबा म्हणतात, "पोरं घरी आली." पण पोटाच्या दृष्टीनं ती परदेशात आलेली असतात.

मी लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून तीस वर्षं काढली आणि आता दोन नातवंडांची आजी आहे. लेक-जावई पहिल्यांदा मूल घेऊन येणार असतील तर काय करायचं, हे मला शेजारपाजारचे सारखे विचारतात. म्हणून एकदा सगळं क्रमानं लिहून ठेवते. आई-बाबांनी वाचावं आणि आजी-आजोबांनीही वाचावं, कारण निम्म्या गोष्टी आपल्याच स्वयंपाकघरातल्या आहेत.

आधी एक गैरसमज काढून टाका

"आपल्याच रक्ताचं पोर आहे, त्याला काही होत नाही," हे वाक्य मी किती तरी घरांत ऐकलंय. जंतूंविरुद्धची ताकद रक्तातून वारशानं येत नाही, त्या त्या जंतूंशी गाठ पडून येते. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये वाढलेल्या मुलाची ती गाठ पडलेलीच नसते. आठ-दहा वर्षं बाहेर राहिलेल्या त्याच्या आई-बाबांचीसुद्धा जुनी सवय मोडलेली असते.

प्रवासी आजारांचे डॉक्टर नातेवाइकांकडे जाणाऱ्या प्रवाशांचा एक वेगळाच गट धरतात, कारण त्यांना हॉटेलात उतरणाऱ्या पर्यटकांपेक्षा जास्त धोका असतो. पर्यटक आठ दिवस राहतो आणि बिचकून खातो. आपली मुलं महिना-दीड महिना राहतात, दहा घरी जेवायला जातात, आणि "आपल्याच देशात तर जातोय" म्हणून लशींचा विचारही होत नाही. अमेरिकेत सापडणारे टायफॉइडचे बहुतेक रुग्ण बाहेरून प्रवास करून आलेले असतात, आणि त्यातले बरेचसे भारत, पाकिस्तान, बांगलादेश या आपल्याच पट्ट्यातून.

जंतू अनेक आहेत. ई-कोलाय, कॅम्पिलोबॅक्टर, शिगेला, साल्मोनेला हे जिवाणू. रोटा आणि नोरो हे विषाणू. आणि जिआर्डिया हा परजीवी. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात गिलन-बारे सिंड्रोमची (यात नसांवर परिणाम होऊन हातापायांतली ताकद जाते) साथ आली, तेव्हा रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले होते. इतकी मोठी गुंतागुंत क्वचितच होते, पण पाण्यातून काय काय येऊ शकतं ते त्या महिन्यात सगळ्या पुण्यानं पाहिलं.

निघण्याआधी सहा ते आठ आठवडे: लशी

तिकीट काढलं की लगेच मुलाच्या डॉक्टरांची वेळ घ्या. "आम्ही भारतात जातोय, नातेवाइकांच्या घरी राहणार आहोत, इतके आठवडे," असं स्पष्ट सांगा. नुसतं "व्हेकेशनला" म्हटलं तर पुढचे प्रश्न कोणी विचारत नाही.

विचारायच्या तीन गोष्टी आहेत. पहिली हिपॅटायटिस ए, म्हणजे आपल्याकडची कावीळ. अमेरिकेत ही लस वर्षानंतर सगळ्यांना देतात, पण सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला प्रवासासाठी एक जादा डोस द्यायला सांगतात. ब्रिटनमध्ये ती नेहमीच्या वेळापत्रकात नाही, मागून घ्यावी लागते. दुसरी टायफॉइड. अमेरिकेत मिळणारं इंजेक्शन दोन वर्षांवरच्या मुलांनाच चालतं आणि ते निघण्याआधी निदान दोन आठवडे घ्यावं लागतं. भारतात मात्र टायफॉइडची कॉन्जुगेट नावाची दुसऱ्या प्रकारची लस सहा महिन्यांच्या बाळापासून देता येते. त्यामुळे दोन वर्षांखालचं मूल लांब मुक्कामाला येणार असेल, तर इथे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना याबद्दल विचारा. तिचा परिणाम व्हायलाही थोडे दिवस लागतात, म्हणून "लस झाली" म्हणून दुसऱ्याच दिवशी मोकळं सुटू नका.

तिसरी रोटाव्हायरस. हिला वयाची अट आहे. पहिला डोस पंधराव्या आठवड्याच्या आत द्यावा लागतो, तो चुकला की चुकला. (या रोगाची रोटासिल नावाची लस आपल्या पुण्यातच, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते, हे सांगताना मला अजूनही बरं वाटतं.)

लस झाली तरी खाण्यापिण्याचे नियम सुटत नाहीत. ई-कोलाय आणि कॅम्पिलोबॅक्टर हे प्रवाशांच्या जुलाबांमागचे नेहमीचे जंतू, त्यांच्यावर बाळांना देण्याजोगी लसच नाही.

ती येण्याआधी आजी-आजोबांनी घरात काय करायचं

सगळ्यात आधी पाणी. "आमच्याकडे आरओ आहे" एवढं पुरत नाही. शेवटची सर्व्हिस कधी झाली ते बघा, उशीर झाला असेल तर मुलं यायच्या आधी फिल्टर बदलून घ्या. सोसायटीला टँकर येत असेल तर जास्तच सावध राहा. चेअरमनना गाठून खालची आणि वरची टाकी शेवटची कधी धुतली ते विचारा. यात भीड बाळगायचं कारण नाही.

पण खरी चूक फिल्टरच्या पुढे होते. शुद्ध केलेलं पाणी आपण स्टीलच्या पिंपात भरतो आणि मग दिवसभर त्यात जो तो तांब्या बुडवतो. बोटं बुडतात, पाणी परत तिथेच येतं. नळ असलेलं पिंप किंवा माठ आणा. लहान मुलासाठी वेगळं पाणी उकळा. खळखळून उकळी फुटली की एक मिनिट पुरे, आटवत बसायची गरज नाही. झाकून गार करा आणि त्याच भांड्यातून थेट ओता. फ्रीजमधला बर्फही याच पाण्याचा लावा. दात घासायच्या बेसिनपाशी याच पाण्याचा एक पेला ठेवा, कारण चूळ भरता भरता मुलं निम्मं पाणी गिळतात.

हात धुण्याबद्दल एकच सांगते. परदेशातून आलेली मंडळी सॅनिटायझरवर फार विसंबतात. नोरोव्हायरसवर सॅनिटायझर नीट चालत नाही, जिआर्डियावरही नाही. साबण आणि वाहतं पाणी हवं. ज्या हातानं डायपर बदलला तो हात साबणानं धुतल्याशिवाय कणकेत जाता कामा नये.

खाणं: काय चालेल, कुठे थांबायचं

वाफाळणारं जेवण चालतं. गरम वरण-भात, तव्यावरून थेट ताटात आलेली पोळी, उकडलेलं अंडं, आपण स्वतः सोललेलं केळं किंवा संत्रं, तापवलेलं दूध आणि घरचं ताजं दही. यावर मूल महिनाभर आनंदात राहतं. सकाळी केलेला आणि दुपारी कोमट झालेला भात देऊ नका. उरलेलं फ्रीजमध्ये ठेवा आणि देताना चांगलं वाफ येईपर्यंत गरम करा.

मुंबईला उतरून रात्रीच द्रुतगती मार्गानं येत असाल तर मध्ये थांबल्यावर कढईतून काढलेला वडा द्यायला माझी हरकत नाही. हिरवी चटणी मात्र नको. कच्ची कोथिंबीर आणि वर कुठलं तरी पाणी, आणि ती शिजवलेलीच नसते. पाणीपुरी, उसाचा रस, बर्फाचा गोळा, गाडीवरची कापलेली फळं, या चार गोष्टी पहिल्या मुक्कामात लहान मुलांना पूर्ण बंद. मोठ्यांना खायचं असेल तर मूल बरोबर नसताना खाऊन या. समोर बसून खायचं आणि पोराला नाही म्हणायचं, हे चालत नाही.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अंगावरचं दूध आणि दुसरं काहीही नाही. गुटी नाही, पाण्याचा थेंब नाही, मधाचं बोट तर नाहीच नाही. पावडरचं दूध असेल तर उकळून थोडंच निवलेलं, निदान 70 अंश गरम असं पाणी वापरून करा, मग बाटली गार पाण्याखाली धरून निववा आणि उरलेलं टाकून द्या. बाटलीपेक्षा वाटी-चमचा धुवायला सोपा. आणि हात जोडून एक विनंती, अंगावरचं दूध सोडवायचा मुहूर्त या प्रवासात काढू नका. बाळाचं सगळ्यात मोठं संरक्षण तेच आहे.

जुलाब सुरू झाले तर

इतकं करूनही होतात. माझ्या घरी झाले, म्हणून सविस्तर सांगते.

नातू सव्वादोन वर्षांचा होता. दहा दिवस आम्ही उकळलेल्या पाण्याशिवाय काही दिलं नाही. अकराव्या दिवशी नात्यातली मुंज होती. पंगतीत मठ्ठा आला, बर्फ घातलेला, गार, वर कोथिंबीर. पोरानं माझ्याच पेल्यातून प्यायला सुरुवात केली, त्याला आवडला, आणि मी थांबवलं नाही. मठ्ठ्यानंच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण त्या बर्फाचं पाणी कुठलं, हे मी विचारलं नव्हतं हे खरं.

दुसऱ्या दिवशी रात्री दोन वाजता पहिली उलटी, मग पाण्यासारखी शी, तासाभरात चार वेळा. लेक घाबरली आणि तिनं त्याला पेलाभर पाणी पाजलं. तहानेलं पोर घटाघट प्यायलं आणि सगळं बाहेर काढलं. ही चूक प्रत्येक घरात होते, म्हणून पुढचं नीट वाचा.

उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं. मग ओआरएस, म्हणजे मीठ-साखरेचं मोजून केलेलं पाणी, चहाच्या चमच्यानं. एक चमचा म्हणजे 5 मिली, दर दोन मिनिटांनी एक. मी घड्याळ समोर ठेवून बसले. हे अगदीच थोडं वाटतं, पण हिशेब करा, तासाला 150 मिली पोटात जातं आणि टिकतं. मध्ये एकदा उलटी झाली, पुन्हा दहा मिनिटं थांबले, पुन्हा चमचा. तो रडत होता, तोंड फिरवत होता. तेव्हा सुईशिवायच्या सिरिंजनं गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडलं. साडेपाचला दूधवाल्यानं बेल वाजवली तेव्हा डायपर जड लागला. शू झाली होती. वॉर्डात तीस वर्षं मी ह्याच एका खुणेची वाट बघत आले आणि त्या पहाटे पुन्हा पाहिली.

जुलाबातून मूल दगावतं ते बहुतेक वेळा अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. जंतू कुठलाही असो, पहिलं काम ते परत भरणं. 1971 च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची (कॉलराची) साथ होती आणि सलाईन संपत आलं होतं. तिथे डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखरेचं मोजलेलं पाणी ड्रममध्ये भरून रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होतं ते चारच्या खाली आलं. डॉक्टरांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. ते काम चिमूटभर पावडरीनं झालं आणि आयांच्या हातून झालं, हे तरुण आयांनी लक्षात ठेवावं.

ओआरएस करताना मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, लहान पाकीट असेल तर 200 मिलीत; पाकिटावर लिहिलेलं वाचा. अर्धं पाकीट अंदाजानं अर्ध्या पेल्यात असं करू नका, पाणी कमी पडलं तर मिठाचं प्रमाण वाढून अपाय होतो. वर साखर घालू नका, दुधात किंवा रसात कालवू नका. झाकून ठेवा, 24 तासांत संपवा, उरलं तर फेका. पाकीट मिळेपर्यंत घरचं चालतं: एक लिटर पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचे बोटानं सपाट करून मोजा.

दुकानातून आणताना फक्त जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पावडर मागा. खोक्यातून फळांच्या चवीची तयार पेयं मिळतात, त्यांत साखर इतकी असते की जुलाब वाढतात. अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली. तरी घरी आधीपासून पडून असलेलं खोकं असेल तर तपासा.

किती द्यायचं? दोन वर्षांच्या आत असेल तर प्रत्येक पातळ शीमागे 50 ते 100 मिली, मोठं असेल तर 100 ते 200 मिली. अंगावरचं दूध सुरूच ठेवायचं. शहाळं चालेल, पण ओआरएसच्या बदली नाही, कारण त्यात मीठ कमी असतं. कोला आणि डब्यातले रस नको.

आणि उपाशी ठेवू नका. "पोटाला आराम" हा आपला जुना समज आहे, तो मुलाला आणखी अशक्त करतो. उलट्या थांबल्या की चार-पाच तासांत मऊ भात, मुगाच्या डाळीची खिचडी, केळं, दही. थोडं थोडं, वरचेवर. डॉक्टरांना विचारून झिंक सुरू करा: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिलीग्रॅम, त्याच्या आतल्या बाळाला 10, आणि जुलाब थांबले तरी 14 दिवस पुरे करा. निम्मी घरं तिसऱ्या दिवशी बाटली बाजूला ठेवतात.

काय द्यायचं नाही तेही सांगते. जुलाब थांबवणारं लोपेरामाइड मुलांना नको, त्यानं आतडं मंदावतं आणि घाण आतच राहते. अमेरिकेहून येताना लोक पेप्टो-बिस्मॉल आणतात, त्यात सॅलिसिलेट, म्हणजे अ‍ॅस्पिरिनच्या जातीचं औषध असतं, मुलांना देऊ नका. जायफळ उगाळून चाटवू नका. त्यानं मूल गुंगतं, आणि मग ते जायफळानं झोपलंय की पाणी कमी पडून मलूल झालंय हे ओळखताच येत नाही. अँटिबायोटिक डॉक्टरांनी बघून दिलं तरच. विषाणूंवर ते चालत नाही, आणि आपल्याकडचे अनेक जिवाणू जुन्या औषधांना दाद देईनासे झालेत. काकाच्या घरी उरलेल्या गोळ्या म्हणजे औषध नव्हे.

"दात येतायत म्हणून होतंय" असंही म्हणतात. दातांनी पाण्यासारखे जुलाब होत नाहीत.

कधी क्षणभरही थांबायचं नाही

सहा-आठ तासांत शू नाही. रडताना डोळ्यांत पाणी नाही. डोळे खोल गेलेत, बाळाची टाळू खोल गेलीय, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू परत जाते. मूल हाक मारल्यावर बघत नाही, किंवा ओआरएस पिण्याइतकंही त्राण नाही. शीमध्ये रक्त किंवा आव. उलटी हिरवी. ताप 102 च्या वर, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 आणि वर. झटका. पायांत किंवा हातांत अशक्तपणा. यातलं एक जरी दिसलं तर डॉक्टरांच्या वेळेची वाट बघू नका; चोवीस तास उघडं असलेलं, लहान मुलं बघणारं रुग्णालय गाठा, वाहन नसेल तर 108 लावा. जाताना रिक्षातसुद्धा चमचा चालू ठेवा. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर पहिल्या दिवशीच दाखवा.

त्यासाठी मुलं यायच्या आधीच आजोबांनी एक काम करावं. जवळचे बालरोगतज्ज्ञ कोण, रात्री कुठे जायचं, आणि परदेशी विमा तिथे चालतो का की आधी पैसे भरून नंतर मागायचे, हे फोन करून विचारून ठेवावं आणि फ्रीजवर चिकटवावं. रात्री दोनला शोधत बसायची ही गोष्ट नाही.

परत गेल्यावर

विमानात बसल्यानं विषय संपत नाही. टायफॉइड जंतू पोटात गेल्यापासून सहा ते तीस दिवसांत कधीही डोकं वर काढतो. कावीळ दिसायला सरासरी चार आठवडे लागतात, कधी सात. जिआर्डियाला एक-दोन आठवडे, आणि मग पोट फुगणं, वास मारणारी तेलकट शी, वजन न वाढणं असं आठवडेच्या आठवडे चालतं. तिकडचे डॉक्टर हे रोग रोज बघत नाहीत. साधा फ्लू समजून मूल घरी पाठवलं जाऊ शकतं.

म्हणून परतल्यावर महिन्या-दोन महिन्यांत ताप आला, किंवा जुलाब दोन आठवड्यांवर रेंगाळले, तर डॉक्टरांशी पहिलं वाक्य हेच बोला: "आम्ही भारतातून अमुक तारखेला आलो." तापासाठी रक्ताचा कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघणारी तपासणी) आणि रेंगाळलेल्या जुलाबांसाठी शौचाची तपासणी लागेल का, ते स्वतःहून विचारा. इथे असताना काही औषध दिलं असेल तर त्याचं रासायनिक नाव, डोस आणि किती दिवस घेतलं ते सांगा, कारण इथली व्यापारी नावं तिकडे कोणाला कळत नाहीत. मी लेकीला हे सगळं वहीच्या एका पानावर लिहून देते: आल्याची तारीख, गेल्याची तारीख, इथे घेतलेल्या लशी, पोट कधी बिघडलं, काय दिलं. ते पान घडी करून नातवाच्या पासपोर्टच्या कव्हरात ठेवायचं आणि तिकडे उतरल्यावर दोन महिने तिथून काढायचं नाही.